सातवी-आठवीत व्यवसायओळख आणि दहावीनंतरच्या वाटा : वर्षभराचं नियोजन कसं करावं?

फळा_डस्टर

नमस्कार. सांगोला तालुक्यातली अनुदानित माध्यमिक शाळा, पाचवी ते दहावी. सातवी-आठवी मिळून ६८ मुलं. महिन्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका आणि दप्तरमुक्त दहा दिवसांपैकी चार दिवस या कामासाठी मिळाले आहेत. आजवर दहावीच्या निरोप समारंभाआधी एक व्याख्यान व्हायचं, तेवढंच. मुलांना विचारलं की पोलीस, आर्मी, डॉक्टर, शिक्षक, आणि यादी संपते.

तीन प्रश्न आहेत. तासिकांत नेमकं काय घ्यावं? नववीत जाण्याआधी मुलांना आणि पालकांना काय माहीत असायलाच हवं? आणि ऑनलाइन कलचाचणी घ्यावी का? एक संस्था दरडोई पैसे घेऊन करून देते म्हणते.

---

दुपारची_शाळा

सर, आधी तिसऱ्या प्रश्नाचं. पैसे वाचवा. ‘प्रयोगशाळेत काम करायला आवडेल का?’ असं त्या चाचणीत विचारतात. ज्याने प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेली खोली एवढंच पाहिलंय, त्याने काय उत्तर द्यायचं? शिवाय बाराव्या-तेराव्या वर्षी आलेला आलेख घरात चिकटून बसतो. ‘चाचणीत तुझं कॉमर्स आलंय’ हे वाक्य दहावीपर्यंत ऐकवलं जातं. राज्य मंडळ काही वर्षं कलमापन घेत होतं, पण तेही दहावीला. त्यातली सात क्षेत्रं मात्र उचलण्यासारखी आहेत : कृषी, वाणिज्य, ललित कला, कला व मानव्यविद्या, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा. भिंतीवर सात मोठे कागद लावा. वर्षभर मुलांना जे जे काम सापडेल ते योग्य कागदावर चढवत जा. जानेवारीत कोणता कागद ओस पडलाय ते दिसेल, उरलेल्या तासिका त्याच्यावर खर्च करा.

आता तासिका. व्यवसायांची यादी फळ्यावर लिहून देऊ नका, एक वस्तू घ्या. तुमच्याकडे दुधाची पिशवी सगळ्यात सोपी. ही पिशवी घरी येईपर्यंत किती माणसांचे हात लागले? मुलं गवळी, टँकरवाला, दुकानदार असं पाच-सहावर थांबतात. तिथे तीन प्रश्न टाका : वीज गेली तर काय होतं? दूध नासलं तर फोन कुणाला जातो? फॅट कमी लागली तर पैसे कोण कापतं? मग यादी भराभर वाढते. फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी आणि बाकीचे घन घटक) मोजणारा, चिलिंग प्लांटचा रेफ्रिजरेशन मेकॅनिक, बॉयलर चालवणारा, भेसळ तपासणारा केमिस्ट, दहा दिवसांचं बिल काढणारा हिशेबनीस, पॅकिंग मशीनचा फिटर, पिशवीवरचं चित्र काढणारा, गाईला रेतन करणारा, पशुवैद्यक. काम सुरळीत चाललं असताना ही माणसं दिसत नाहीत, बिघाड झाला की दिसतात. म्हणून प्रश्न नेहमी बिघाडाचे विचारायचे.

दुसऱ्या तासिकेत त्यातली फक्त चार कामं घेऊन उलटं चालत यायचं. रेफ्रिजरेशनसाठी दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड. पशुवैद्यकासाठी बारावीला जीवशास्त्र, नीट आणि पुढे साडेपाच वर्षं. दुग्धतंत्रज्ञानाच्या बी.टेक.ची सरकारी महाविद्यालयं उदगीरला आणि पुसदजवळ वरुडला. हिशेबासाठी बी.कॉम. आणि टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. चारपेक्षा जास्त वाटा एका तासिकेत घेतल्या की डोक्यात काहीच राहत नाही. पुढच्या महिन्यांत डाळिंबाचा खोका, एसटीची फेरी, लग्नाचा मांडव. मांडव वगळू नका, वाणिज्य आणि ललित कला तिथेच भरून निघतात.

सप्टेंबरनंतर मुलाखती. चौघांचा गट, एक माणूस, वीस मिनिटं. ‘पगार किती?’ हा प्रश्न काढून टाका, माणूस आखडतो किंवा फुगवून सांगतो. त्याऐवजी ‘वर्षातले कोणते महिने काम कमी असतं?’ हे विचारलं की उत्पन्नाचं खरं चित्र कळतं. बाकीचे प्रश्न : काल सकाळपासून काय काय केलंत? काम कुणाकडून शिकलात, किती दिवस लागले? चूक झाली तर नुकसान किती होतं? शाळेतलं काय कामी आलं? अंगाला त्रास कुठे होतो? दहा वर्षांत कामात काय बदललं? सात-आठ प्रश्न पुरेत. मुलं हटकून स्वतःच्या काकांना गाठतात आणि सगळे पुरुष निवडतात, त्यामुळे निम्म्या मुलाखती स्त्रियांच्या आणि एकही घरातली नाही, असा नियम आधीच करा. आशा स्वयंसेविका, ब्युटी पार्लर चालवणारी, बचतगटाची सचिव, एसटीची वाहक, तलाठी या सगळ्या तालुक्याला सापडतात. नोंद त्याच दिवशी लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी ‘छान माहिती मिळाली’ एवढंच लिहून येतं.

क्षेत्रभेटींत गर्दी हाच घोळ. ६८ मुलं एकदम नेली की मालक भाषण देतो, मागच्या पन्नास जणांना ऐकू येत नाही आणि पोरं वडापावाची वाट बघतात. चार दिवस आहेत, तर चार ठिकाणं निवडा, १७-१७ चे गट करा आणि गट फिरवा. चालत जाता येईल अशी ठिकाणं घ्या : दवाखान्याची लॅब, गॅरेज, छापखाना, दूध केंद्र. प्रत्येक मुलाने एकाच कामगारावर लक्ष ठेवायचं. दर पाच मिनिटांनी तो काय करतोय ते एका ओळीत, असं अर्धा तास. सहा ओळी होतात, पण त्या सहा ओळींत काम दिसतं. ओढणी, सैल बाह्या, चप्पल घालून यंत्राजवळ नाही. आणि फक्त बघायचं. ‘जरा करून बघ’ म्हणून वेल्डिंगचा होल्डर हातात देणारे उत्साही लोक भेटतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

हाताने काम करून बघायचं असेल तर ते शाळेत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाची पद्धत यासाठी बघा. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेली संस्था, आणि त्यांचा ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम आठवी ते दहावीसाठी, आठवड्यातून एक दिवस, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, अभियांत्रिकी, गृह-आरोग्य अशा चार भागांत चालतो. सगळा अभ्यासक्रम नाही जमला तरी त्यातली दोन-तीन कामं उचलता येतात.

---

गणित_भाग_दोन

दुसऱ्या प्रश्नाचं. आठवीच्या मुलाला ‘काय व्हायचं ते ठरव’ म्हणू नका. कोणतं दार कुठे बंद होतं, एवढं मात्र कळू द्या. नववी-दहावीत शाखा नसते, त्यामुळे आठवीतच ‘सायन्स की आर्ट्स’ यावर घरात होणारं भांडण बिनकामाचं. या वयात खऱ्या निवडी दोनच असतात. एक, संस्कृत पूर्ण, संयुक्त की अजिबात नाही. दुसरी, सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. आणि त्या बऱ्याच वेळा शाळाच करते.

दहावीनंतर तीन रस्ते.

आयटीआय : वय १४ पूर्ण हवं. इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे, दहावी उत्तीर्ण लागते. वेल्डर एक वर्षाचा, वायरमन दोन वर्षांचा, या दोन्हींना आठवी उत्तीर्ण चालते. हे पालकांना सांगा, पण ‘मग दहावी कशाला?’ अशा अर्थाने नाही. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

डिप्लोमा : दहावीनंतर तीन वर्षं, किमान ३५ टक्के, गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर. पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. बारावी आणि सीईटीच्या धावपळीतून न जाता इंजिनिअर होण्याची ही वाट, आणि दर वर्षाला हाताशी काहीतरी कौशल्य.

अकरावी : इथेच दारं बंद होतात. गणित सोडलं की अभियांत्रिकी, आर्किटेक्चर आणि एनडीएतली (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) नौदल व हवाई दलाची बाजू गेली. जीवशास्त्र सोडलं की नीटवरचं सगळं गेलं. उलट एनडीएच्या लष्करी विभागाला कोणतीही शाखा चालते. विधी, डिझाइन, सीए यांनाही शाखेची अट नाही. सायन्समधून बारावीनंतर कला-वाणिज्यात येता येतं, उलटं जाता येत नाही. म्हणून ‘काहीच ठरलं नाही तर सायन्स’ हा सल्ला तर्काला धरून वाटतो. पण गणितात कुथत पास झालेल्या मुलाला तो देणं म्हणजे त्याची दोन वर्षं जाळणं.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. जास्तीत जास्त दहा पसंतिक्रम भरता येतात, आणि पहिल्या पसंतीचं महाविद्यालय लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. लोक पहिल्या क्रमांकावर सोलापूर-पुण्याचं नावाजलेलं कॉलेज हौसेने टाकतात आणि लागल्यावर राहायचं कुठे यावर अडतात.

आता करायची दोन कामं, एक आठवीत, एक नववीपासून. आठवीच्या जूनमध्ये वीस उदाहरणांची चाचणी घ्या : पाच अपूर्णांकांची, पाच ऋण संख्यांची, पाच शेकडेवारीची, पाच एका चलातल्या समीकरणांची. गुण देऊ नका, कोणता गठ्ठा पडला तेवढं लिहा. दहावीत बीजगणितात अडकणारी मुलं बहुधा अपूर्णांकांतच अडकलेली असतात, आणि तेव्हा मागे जायला वेळ नसतो.

दुसरं, शब्दांची वही. मराठी माध्यमाचं मूल अकरावी सायन्सला गेलं की विषय तोच, भाषा बदलते. पाठ्यपुस्तकातली ‘चाल’ म्हणजे स्पीड आणि ‘वेग’ म्हणजे व्हेलॉसिटी, पण बोलताना आपण वेग म्हणजे स्पीडच धरतो, तिथे पहिली ठेच. संवेग-मोमेंटम, विभवांतर-पोटेन्शियल डिफरन्स, आम्लारी-बेस. नववीपासून आठवड्याला दहा जोड्या, व्याख्येसकट. वर्षाला तीनशेच्या आसपास होतात. इतकं पुरतं.

---

जनरल_रजिस्टर

वरच्या दोघांनी अभ्यासाचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो. प्रवेश हुकतात ते बऱ्याचदा कागदांमुळे.

आठवीत प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, आधार आणि शाळेचं जनरल रजिस्टर शेजारी ठेवून नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख ताडून बघा. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवून रजिस्टरमध्ये दुरुस्ती होते. दहावीचं प्रमाणपत्र छापून आलं की विभागीय मंडळाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

जातीचा दाखला आठवीतच काढून ठेवायला सांगा. प्रांत कार्यालयातून मिळतो, अर्ज सेतू किंवा आपले सरकारवर. वेळ लागतो तो जुन्या पुराव्याला : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांपूर्वीच्या वास्तव्याचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा शोधत दुसऱ्या तालुक्यात जावं लागतं. जूनच्या गर्दीत हे होत नाही, दिवाळीच्या सुट्टीत होतं.

चित्रकला चांगली असणाऱ्यांना आठवीत एलिमेंटरी, नववीत इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसवा. इंटरमिजिएटला ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३ वाढीव गुण दहावीत मिळतात. गुणांचं एक वेळ सोडा, पण कलाशिक्षणाकडे जाणाऱ्याला पाया तिथेच मिळतो.

---

फळा_डस्टर

खूप आभार. (मी सर नाही, मॅडम आहे, पण चालतंय!) दुधाची पिशवी याच आठवड्यात घेते. आणखी दोन अडचणी. आठवीतल्या काही मुलींचे पालक ‘दहावीनंतर लांब कुठे पाठवायची’ म्हणून आत्ताच हात आखडता घेतात. आणि एनएमएमएसला, म्हणजे आठवीतल्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला, किती जोर लावावा?

---

जनरल_रजिस्टर

माफ करा मॅडम.

एनएमएमएसला पूर्ण जोर लावा. पैसा मुलांच्या खात्यात येतो आणि बारावीपर्यंत येतो. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी. पालकांचं उत्पन्न ३,५०,००० च्या आत, सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५०). बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. बहुतेक शाळा शालेय पेपरची तयारी करून घेतात आणि बौद्धिकचा सराव डिसेंबरवर ढकलतात. उलटं करा : जुलैपासून रोज दहा प्रश्न, घड्याळ लावून. प्रश्नाला एक मिनिट मिळतं, मुलं पहिल्या तीसमध्येच रमतात.

निवड झाल्यावरही पैसे जातात ते असे : राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्जच न भरणं, खातं आणि आधारवरचं नाव न जुळणं, नववीत विनाअनुदानित शाळेत जाणं. दहावीला ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५५) नसतील तर अकरावीपासून बंद. डिप्लोमा-आयटीआयला ही शिष्यवृत्ती चालत नाही, त्यामुळे तिकडे जाणाऱ्याने दहावीनंतरचा हिशेब वेगळा मांडावा.

---

दुपारची_शाळा

मॅडम, मुलींच्या पालकांसमोर भाषण नको, कागद ठेवा. तुमच्या गावापासून तीस किलोमीटरच्या आतली कनिष्ठ महाविद्यालयं, आयटीआय आणि तंत्रनिकेतनं, प्रत्येकासमोर एसटीची सकाळची जायची आणि संध्याकाळची यायची वेळ, शेवटच्या थांब्यापासून चालायचं अंतर आणि मुलींच्या वसतिगृहाची सोय आहे-नाही. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, तेही त्याच कागदावर. ‘लांब’ म्हणजे बहुतेक वेळा ‘संध्याकाळी साडेपाचनंतर गाडी नाही’ असं निघतं, आणि त्यावर आगारात अर्ज देता येतो. पालकसभा फेब्रुवारीत, संध्याकाळी सातनंतर घ्या. सकाळी दहाला घेतली तर वडील येत नाहीत, आणि निर्णय त्यांच्याच हातात असतो.

---

गणित_भाग_दोन

त्या कागदात एक रकाना वाढवा : तिथे कोणते विषय खरंच शिकवले जातात. कनिष्ठ महाविद्यालय जवळ असतं, पण तिथे फक्त कला शाखा असते.