गारपिटीची शक्यता आठ दिवस आधी सांगावी का?

माळरान_सोलापूर
कालपासून एक नकाशा फिरतोय: पुढच्या आठवड्यात पंढरपूर-मंगळवेढ्यावर गारा. माझं स्पष्ट मत आहे, असले नकाशे टाकू नका. आठ दिवस आधी हवामानाचं संगणकी मॉडेल फार तर एवढं सांगतं की पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणारी पावसाची प्रणाली, दक्षिणेकडे झुकतोय. पुढं खाली समुद्राकडचं बाष्प यायला हवं, वर उत्तरेची थंड, कोरडी हवा हवी आणि दुपारचं ऊनही चांगलं तापायला हवं. एवढं जुळून ढग उभा राहिला तरी गारा एका शिवारात पडतात, शेजारच्या गावात टिपूस नसतो.

कासेगावचा_बेदाणा
दादा, माझा बेदाण्याचा माल आत्ता रॅकवर सुकतोय. डिपिंग करून, म्हणजे द्राक्षं द्रावणात बुडवून, जाळीवर टाकला की पंधरा दिवस तो तिथंच. विजेचा इशारा देणाऱ्या दामिनी अ‍ॅपवर विजा दिसल्या की हाताशी अर्धा-पाऊण तास मिळतो, तेवढ्यात शेडचे पडदे सोडता येतात. पण बाकीची बाग तोडायची की थांबायचं, हे अर्ध्या तासात ठरत नाही.

2014 ला फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर गारपीट चालली होती. वडील म्हणाले, आभाळ मोकळं हाय, अजून गोडी भरू दे. चौथ्या दिवशी घड हातात घेतला तर एका बाजूचे मणी चिरलेले, रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. दुपारपर्यंत बागेत माशा घोंगावत होत्या. वडील बांधावरून उठलेच नाहीत.

ढगवेडी
आधी एक गैरसमज. अंगणात पांढरा थर दिसला की ‘सोलापुरात बर्फवृष्टी’ म्हणून व्हिडिओ येतात. त्या गाराच असतात. फेब्रुवारीत आपल्याकडे शून्य अंशाची पातळी, म्हणजे जिच्या वर पाणी गोठतं ती उंची, साधारण चार-साडेचार किलोमीटरवर असते आणि सोलापूर अर्ध्या किलोमीटरपेक्षाही कमी उंचीवर. हिमकण वाटेतच वितळतो. गार जड असते, वेगानं येते, म्हणून टिकते. मे महिन्यात ही पातळी आणखी वर जाते, तेव्हा बारीक गारा पाणी होऊनच पोचतात. उन्हाळ्याच्या तोंडावरच्या गारा जास्त घातक, त्या यामुळेही.

मूळ प्रश्नावर मी कासेगावच्या बाजूनं आहे. फक्त तालुक्यांची नावं नकोत. ‘पाचात एक शक्यता’ असं लिहा आणि रोज बदल सांगा.

माळरान_सोलापूर
ताई, ती ‘पाचात एक’ पुढं जाताना गळून पडते, उरते फक्त ‘गारपीट’. गेल्या वर्षी अशाच मेसेजवर आमच्या पाहुण्यांनी कच्ची द्राक्षं पडेल भावात देऊन टाकली. गारा आल्याच नाहीत. ते नुकसान कुठल्या पंचनाम्यात धरायचं? तीन दिवस आधी सांगा, माझी हरकत नाही.

कासेगावचा_बेदाणा
पाहुण्यांचं वाईट वाटलं, खरंच. पण तीन दिवसांत तोडीला माणसं मिळत नाहीत ओ. सगळ्यांच्या बागा एकदमच येतात, टोळ्या आधीच बोललेल्या असतात. ताईंची ‘पाचात एक’ मला पुरे. गोडी 22 ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) पुढं असेल तर तोडीन, 18 असेल तर थांबेन. निर्णय माझा, दोषही माझाच.

आज सकाळी 21 निघाली. मॉडेलचं पुढचं अपडेट किती वाजता येतं?