लेकरं घेऊन परदेशात: पहिलं वर्ष कसं गेलं? (अनुभव धागा)

आम्ही संभाजीनगरचे. नवऱ्याची कंपनी दोन-तीन महिन्यांत म्युनिकला पाठवतेय, मोठी पाच वर्षांची, धाकटा अडीचचा. व्हिसा, घरभाडं, बॅगेत किती किलो, हे विचारून झालंय, त्याची यादी नको. लेकरांचं काय झालं ते सांगा, आणि खरं सांगा, फोटोत तर सगळ्यांचंच बरं चाललेलं असतं. म्युनिकच पाहिजे असं नाही, कुठलंही गाव चालेल.

लातूरहून म्युनिकला

ताई, आधी लसीकरणाचं कार्ड शोधा, बाकी मागून. २०२० पासून जर्मनीत गोवराच्या लसीचा पुरावा नसला तर लेकराला किटात म्हणजे तिकडच्या बालवाडीत घेत नाहीत, दोन वर्षांच्या पुढं दोन डोस लागतात. आमच्याकडं कार्ड होतं, पण एक तर डॉक्टरांचं अक्षर आणि त्यावर सांडलेला चहा, तिथल्या बाईंनी ते उजेडाला धरून बघितलं आणि हसून परत दिलं. मग लातूरला फोनाफोनी, दवाखान्यातून टाइप केलेलं सही-शिक्क्याचं पत्र, ह्यात तीन आठवडे गेले.

किटात नंबर लागला तरी लेकरू सोडून निघता येत नाही. आइनगेव्योनुंग म्हणून प्रकार असतो, आई नाहीतर बाप सुरुवातीचे दिवस तिथंच बसतो, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, असं वाढवत नेतात. मी त्या वीतभर खुर्चीवर जवळपास महिनाभर बसले, गुडघे कानाला लागायचे. आपल्याकडं रडतं लेकरू मॅडमच्या हातात द्यायचं आणि मागं न बघता निघायचं, म्हणून मला हे सगळं फुकटचे लाड वाटत होते. चौथ्या-पाचव्या दिवशी हा "पाणी पाणी" करू लागला आणि त्या बाई बिचाऱ्या त्याला एकदा गाडी देताहेत, एकदा बाहुली देताहेत. मी उठून सांगितलं तर त्यांनी लगेच चिठ्ठीवर त्यांच्या लिपीत लिहून कपाटाला चिकटवलं. पाणी, शू, भूक, आई, बास. तुम्ही पहिल्याच दिवशी लिहून न्या, धाकट्याच्या कामाला येईल.

दुकानं रविवारी बंद असतात हे माहीत होतं पण अंगात मुरलेलं नव्हतं. शनिवारी रात्री उतरलो, सकाळी घरात दूध नाही आणि लेकरू भोकाड पसरून बसलेलं. मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात, तिथून आणलं.

नळाचं पाणी थेट पितात. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेली माणसं आम्ही, मी अजूनही रात्री दोन पातेली भरून झाकून ठेवते. पोरगा विचारतो कशाला, काय सांगावं. आता तो तिकडची भाषा आणि लातूरची एकत्र बोलतो, परवा खिडकीत उभा राहून ओरडला, "आई, श्ने पडूलालंय!" श्ने म्हणजे बर्फ.

नांदेडहून टोकियोला

आमच्याकडं सोबत बसणं वगैरे काही झालं नाही, उलटंच. एप्रिलमध्ये शाळा सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत पहिलीतली पोरं पाठीवर ते भलंमोठं रान्दोसेरू दप्तर अन् डोक्यावर पिवळी टोपी घालून आपली आपण चालत जाऊ लागली. मी झाडाआड लपत लपत मागून जायचे, आठवडाभर. नांदेडला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात एकटं पाठवलं नव्हतं हो ह्याला. वर्गही पोरांनीच झाडायचा-पुसायचा. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणे फी कशाची घेतात मग! शाळेचं जेवण सगळ्यांना सारखं, आम्ही माळकरी, म्हणून बोलून डब्याची परवानगी काढली. निशिकासाई भागात आपली माणसं बरीच आहेत, डाळी-मसाल्याची अडचण नाही.

परभणीहून दुबईला

आमचं लई सोपं. विमान तीन-सव्वातीन तासांचं, शेंगदाण्यापासून सगळं मिळतं. फक्त शाळेची फी आधी विचारा मग पगार ठरवा, आम्ही उलटं केलं. जुलै-ऑगस्टला बाहेर उभं राहवत नाही, पोरं आजोळी पाठवतो.

बीडहून आइंडहोवेनला

मी बाप बोलतोय, आयांचं बोलून झालं असेल तर. नेदरलँडमध्ये लेकरू चार वर्षांचं झालं की शाळा. डब्याला धपाटे दिले की परत यायचे, कारण बाकीची पोरं ब्रेडवर लोणी लावून चॉकलेटचे दाणे भुरभुरून खातात, त्याला हागलस्लाख म्हणतात. बायको चिडली, दोन महिने भांडण, शेवटी शाळेत ब्रेड आणि घरी धपाटे अशी तडजोड झाली. ताप आला म्हणून डॉक्टरकडं जा, पॅरासिटामॉल द्या आणि वाट बघा म्हणतात. सुई मारल्याशिवाय आमच्या आईचं समाधान होत नाही, तिला आम्ही सांगतच नाही.

पण मला खरं सांगायचंय ते पोहण्याचं. इथं जिकडं तिकडं कालवे, म्हणून पोहण्याचा ए डिप्लोमा लेकरांना करायलाच लावतात सगळे. परीक्षेत अंगात कपडे आणि पायात बूट घालून पोहावं लागतं, कारण कालव्यात पडणारं लेकरू चड्डीवर पडत नाही. मी काचेमागं बसलो होतो. मला काकांनी पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकललं होतं, वर काठावर सगळं गाव हसत होतं, आणि उन्हाळ्यात त्याच विहिरीचा तळ दिसायचा. पोरगी बुटासकट पाण्यात उतरली आणि मला उगीच घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. एकदा नापास झाली बरं का, दुसऱ्यांदा पास.

धाराशिवहून टोरांटोला (आजी सांगताहेत, सून टाइप करतेय)

मी सहा महिन्यांसाठी आले, नातींना बघायला. दिवसभर घरात कुणी नाही, फोन वाजला तरी उचलायची भीती. धाकटी नात माझं इंग्रजी दुरुस्त करते. येळवस, म्हणजे शेतात जाऊन पूजा करायची आमच्याकडची वेळ अमावास्या, आली तेव्हा मला राहवेना, बाहेर गुडघाभर बर्फ, शेत कुठलं. मग दिवाणखान्यात दोन खुर्च्यांवर शाल टाकून कोप म्हणजे पूजेची खोपटी केली, पार्किंगमधले पाच खडे धुऊन पांडव मांडले. भज्जीला सगळ्या भाज्या मिळाल्या नाहीत, आंबील मात्र बरी जमली. आंबिलीचं बिंदगं म्हणजे छोटं मडकं नव्हतं, चहाची किटली घेतली आणि नाती आंबील शिंपडत "ओलगे ओलगे सालम पोलगे" करत घरभर पळाल्या. गालिचा खराब झाला. मुलगा काही बोलला नाही, पुसत बसला.

(धागा काढणारी)

सगळं वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. लातूरच्या ताई, तुमचं वाचून रात्री कपाट उपसलं, दोघांची कार्डं सापडली, अक्षरही बरं आहे. पण धाकट्याच्या कार्डावर अजून "बेबी ऑफ" आणि पुढं माझंच नाव. सोमवारी दवाखान्यात जाऊन बसते.