‘व्हिन्यूड’ म्हणजे बुरसटलेला: हा शब्द आला कुठून?

दांडियाबाजारकर, बडोदा
शेक्सपिअरच्या ‘ट्रॉइलस अँड क्रेसिडा’त (अंक २, प्रवेश १) ग्रीक योद्धा अजॅक्स तोंडाळ थेरसाइटीसला आंबवणाच्या पिठावरून शिवी देतो. माझ्या एका प्रतीत तिथे ‘अनसॉल्टेड’ आहे, दुसरीत ‘व्हिन्यूडस्ट’. मूळ कोणतं? आणि जुनं रूप ‘फ’नेच सुरू होतं म्हणे, मग आपल्याकडच्या गुजराती ‘फूग’शी (बुरशी) नातं आहे का?

कोशकीटक
दोन्ही मूळच आहेत. १६०९च्या क्वार्टोत (त्या एकाच नाटकाची छोट्या आकाराची छापील प्रत) ‘अनसॉल्टेड’, १६२३च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठ्या आकाराचा संग्रह) ‘व्हिनिडस्ट’, तेही डब्ल्यू-एच लावून छापलेलं. त्या स्पेलिंगवरून ‘व्हाइन’ किंवा ‘व्हाइनिंग’कडे (कुरकुरणं) गेलात की फसलात. बहुतेक संपादक ते ‘व्हिन्यूडस्ट’ वाचतात, म्हणजे ‘सर्वांत बुरसटलेलं’. कोशात शोधताना एफ आणि व्ही दोन्ही अक्षरांखाली पाहा: फिन्यू, फेनी, व्हिन्यूड, व्हिनी. एकाच अक्षराखाली पाहिलं तर अर्धा इतिहास निसटतो.

जुन्या इंग्रजीत विशेषण होतं एफ-वाय-एन-आय-जी, बुरशी आलेला. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात (९:५) गिबोनकरांच्या शिळ्या भाकरींना जुन्या इंग्रजी भाषांतरात हाच शब्द आहे. १६११च्या किंग जेम्स बायबलात तिथे ‘मोल्डी’ आलं.

मांडवीवाला
‘फ’चा ‘व्ह’ का झाला?

कोशकीटक
इंग्लंडच्या दक्षिण-नैर्ऋत्य भागात शब्दारंभीचा ‘फ’ घोष होतो, म्हणजे गळ्यातल्या कंपनासह उच्चारला जाऊन ‘व्ह’ होतो. ‘व्हॅट’ (पिंप), ‘व्हेन’ (वाऱ्याची दिशा दाखवणारं पातं), ‘व्हिक्सन’ तिकडूनच प्रमाण इंग्रजीत आले. ‘फॉक्स’ची मादी ‘व्हिक्सन’ कशी, याचं उत्तर हेच. आपला शब्द मात्र बोलीतच राहिला, आणि डॉर्सेटच्या ‘ब्लू व्हिनी’ या चीजच्या नावात. साय काढलेल्या दुधाचं ते कोरडं, भुसभुशीत चीज. निळ्या रेषांमुळे लोक ते दुसऱ्याच ‘व्हेन’शी, म्हणजे शिरेशी, जोडतात, पण नाव बुरशीचंच आहे.

जुनी_लिपी
‘फूग’चं नातं सोडा. जर्मानिक (इंग्रजी, जर्मन वगैरे भाषांच्या कुळातल्या) ‘फ’समोर संस्कृतात सहसा ‘प’ येतो: फादर–पितृ, फूट–पाद. दोन्हीकडे ‘फ’ दिसणं हा पुरावा नाही, उलट संशयाचं कारण! अर्थाचं साम्य मात्र झकास आहे. आपण माणसाच्या विचारांना ‘बुरसटलेले’ म्हणतो, अजॅक्स अख्ख्या माणसालाच म्हणतो.