‘ळ’चा ‘य’ का होतो?

‘पोळा सणाला पोया म्हणणं अशुद्ध’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. ‘ळ’साठी जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावावं लागतं आणि झटकन पुढे सोडावं लागतं. टोक टेकलंच नाही आणि जिभेचा मधला भाग वर गेला की ‘य’ होतो. वऱ्हाडीत तो नियमाने होतो: डोया (डोळा), आभाय (आभाळ), दयन (दळण). पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत त्याच जागी ‘र’ येतो. प्रमाण हिंदीत हे अक्षरच नाही, म्हणून तिकडे ‘पोला’ लिहितात. तेलुगूत मात्र ‘ळ’ ठणठणीत आहे, गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, तेलुगू बोलणाऱ्या सिरोंच्याकडे ऐका. मुलांना शिकवताना आधी ‘काल-काळ’, ‘माल-माळ’ अशा जोड्या म्हणवून घ्या. पण घरचं ‘डोया’ खोडू नका.