गेजमध्ये पर्याय किती असावेत?

रावपुरेकर: वेबपानासाठी मी लिहिलेल्या गेज कंपोनंटमध्ये, म्हणजे काट्याने आकडा दाखवणाऱ्या तबकडीच्या तयार भागामध्ये, कंसाचा कोन, काट्याची जाडी, रंगपट्टे, फॉन्ट, आकडा दाखवणे वा लपवणे, सारे वापरणाऱ्याच्या हाती आहे. पर्याय जितके अधिक, तितका कंपोनंट चांगला, असे माझे मत आहे.

दांडियाबाजारकर: आपले शेवटचे वाक्य फार खटकले, म्हणून सविस्तर लिहितो. काट्याच्या जाडीने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते काही न सांगितल्यास आपोआप ० पासून सुरू होणाऱ्या पट्टीने. बडोद्याजवळच्या आजवा तलावाची पातळी आपल्याकडे २०८, २१२ अशा फुटांत सांगतात आणि ती काही तळापासूनची खोली नसते. ० ते २२० च्या अर्धवर्तुळावर २०८ चे २१३ झाले, तर काटा जेमतेम ४ अंश सरकतो. ज्या पाच फुटांनी बडोदेकराची झोप उडते, ते गेजवर दिसतच नाहीत. पट्टीची किमान आणि कमाल मर्यादा दिल्याशिवाय कंपोनंट चालूच होता कामा नये.

रावपुरेकर: मर्यादा बदलता येते, हे मी स्पष्ट लिहिले आहे, न वाचता दोष देऊ नये. सक्ती केली, तर बॅटरीची टक्केवारी दाखवणाऱ्यालाही विनाकारण ० आणि १०० लिहीत बसावे लागेल.

कारेलीबागकर: मुळात गोल गेज हवेच कशाला? सरळ पट्टीवरचे स्थान माणूस कोनापेक्षा अचूक ओळखतो, हे क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्येच दाखवले. वेबपानाच्या एचटीएमएल भाषेत लो, हाय, ऑप्टिमम (कमी, जास्त आणि इष्ट पातळी) घेणारा, सरळ पट्टी दाखवणारा मीटर एलिमेंट आहेच. ऑगस्ट २०२४ च्या पुरात माझे वडील एका वेबपानावर बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचे गेज पाहत होते. त्यांना लाल-हिरव्यातला भेद कळत नाही आणि त्या गेजवर आकडा लपवलेला होता. नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली होती, हे आम्हाला शेजाऱ्यांच्या फोनवरून कळले. तुमच्या त्या पर्यायाचा अर्थ आमच्या घरी हा होतो.

रावपुरेकर: पाणी माझ्याही घरात शिरले होते, त्या रात्रीचा भार माझ्या कंपोनंटवर टाकणे अन्याय्य आहे. मीटर एलिमेंट प्रत्येक ब्राउझरमध्ये निराळा दिसतो आणि हवा तसा सजवता येत नाही, म्हणून तर एसव्हीजीने (वेबपानावर रेषाचित्र काढण्याच्या पद्धतीने) गेज काढावे लागते.

कारेलीबागकर: मग त्या एसव्हीजीला एरिया १.२ (वेबपाने अपंगांनाही वापरता यावीत यासाठीचे मानक) मधला मीटर रोल, म्हणजे ‘हे मीटर आहे’ असे सांगणारी खूण, तरी लावला आहे का? नसेल, तर पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरपुढे तुमचे गेज मुकेच आहे.

रावपुरेकर: लावलेला नाही. तो लावतो आणि आकडा लपवण्याचा पर्याय काढून टाकतो. मर्यादेची सक्ती मात्र मला अजूनही पटलेली नाही.

दांडियाबाजारकर: निदान मर्यादा न दिल्यास कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या प्रोग्रामरसाठीच्या संदेशपट्टीत, इशारा तरी द्या.

रावपुरेकर: इशारा देईन. सक्ती नाही.