मदत हवी आहे: ड्रायव्हर सीटच्या लेदरला सुरकुत्या पडतायत, काय करू?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. गाडीला अजून दोन वर्षंही झाली नाहीत आणि ड्रायव्हर सीटची पार रया गेली आहे. बसायच्या जागेवर आडव्या सुरकुत्या, दाराकडच्या बाजूला घासून चमकणारा एक पट्टा. शेजारची सीट मात्र नवीकोरी! दर रविवारी न चुकता पुसतो, पॉलिश लावतो, तरी ही अवस्था. शोरूममध्ये विचारलं तर "लेदर आहे, सुरकुत्या पडणारच" म्हणून वाटेला लावलं. सुरकुत्या घालवायच्या कशा आणि झीज थांबवायची कशी, एवढंच हवंय. सीट कव्हर घाला असं कृपया कुणी सांगू नका. लवकर सांगा, येत्या रविवारी हे काम उरकायचंच आहे.

सारथी:
सीटचा रंग कोणता? पुसता म्हणजे कशाने पुसता? पॉलिश कसलं? आणि लेदर सगळीकडे आहे का? बऱ्याच गाड्यांत फक्त टेकायच्या-बसायच्या भागाला लेदर असतं, कडा आणि पाठ रेक्झिनची. दोन्हींचे उपाय वेगळे.

पाऊलवाट:
लेदरच आहे हो, तसं सांगूनच विकली. सुरकुत्यांचं बोला ना.

निवांत:
खोबरेल तेल लावा, दुसरं काही नको. वडिलांची चामड्याची पिशवी आमच्याकडे तीस वर्षं आहे, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवतो, अजून लोण्यासारखी मऊ. कातड्याला तेल मिळालं नाही की ते सुकतं, सुकलं की सुरकुततं. साधा हिशोब आहे.

टाकादोरा:
थांबा, तेल अजिबात लावू नका. सीट शिवण्याचं काम करतो म्हणून सांगतो. तुमच्या पिशवीचं कातडं झाडाच्या सालीने कमावलेलं असणार, वर रंगाचा थर नाही. ते तेल पितं. गाडीच्या सीटचं कातडं बहुतेक वेळा क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, त्यावर रंग आणि रंगावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, पारदर्शक थर. तुमचा हात कातड्याला लागतच नाही, त्या थराला लागतो. तेल आत शिरायला वाटच नाही. ते वर बसून धूळ धरतं, नाहीतर शिवणीच्या भोकांतून खाली उतरून फोममध्ये मुरतं. मग तिथे नवा रंगही धरत नाही.

खात्री करायची असेल तर बसायच्या भागाच्या एका कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. तो मोत्यासारखा तसाच राहिला तर थर आहे. डाग गडद होत पसरला तर उघडं कातडं आहे, मग आपण वेगळं बोलू.

निवांत:
तीस वर्षांचा अनुभव खोटा कसा म्हणता?

टाकादोरा:
खोटा नाही म्हणत. तो पिशवीचा अनुभव आहे, आणि पिशवीवर दिवसातून दहा वेळा कुणी घसरत नाही.

चक्रधर:
पाऊलवाट, तुम्ही नको म्हणालात तरी सांगतो, चांगलं शिवून घेतलेलं कव्हर हाच खरा उपाय. माझी सीट आठ वर्षांनी उघडली तर आत कोरी करकरीत.

सारथी:
ज्या सीटच्या बाजूला एअरबॅगची पट्टी शिवलेली असते तिथे कुठलंही कव्हर चालत नाही. एअरबॅग सीटची शिवण फाडून बाहेर येते, वर जाड कव्हर असलं तर ती अडते. घालायचंच तर त्या जागी कच्ची शिवण ठेवलेलं, त्याच सीटसाठी बनवलेलं घ्यावं.

चक्रधर:
माझ्या कव्हरला ती सोय आहे. जाता जाता, स्टिअरिंगचं लेदर चिकट झालंय, त्यावर कुणाला काही माहीत आहे का?

पाऊलवाट:
स्टिअरिंगचं वेगळ्या धाग्यात विचारा ना. थेंब टाकून पाहिला, तसाच राहिला. आता पुढे?

झुळूक:
हेअर ड्रायर! ओलं फडकं टाकायचं, वरून गरम हवा द्यायची, हाताने ताणत सपाट करायचं. मी केलंय, सुरकुत्या गेल्या.

टाकादोरा:
किती दिवस गेल्या? गरम झाल्यावर कातडं आणि वरचा थर सैल होतो, म्हणून तेवढ्यापुरतं सपाट दिसतं. माणूस बसला की त्याच जागी पुन्हा मोडतं. आणि ओलं कातडं जास्त तापलं तर आकसून कडक होतं, ते परत येत नाही.

झुळूक:
आठवड्याने थोड्या परत आल्या, हे खरं. पण पूर्वीइतक्या नाहीत.

सारथी:
पाऊलवाट, माझे प्रश्न अजून तसेच आहेत. रंग? कशाने पुसता? शिवाय गाडीत बसता कसे?

पाऊलवाट:
गाडीत कसा बसतो हा काय प्रश्न झाला? दार उघडतो आणि बसतो. सीट फिकट करड्या आहेत, हल्ली ड्रायव्हर सीटवर निळसर झाक आलीय. लहान मुलांचे ओले वाइप्स वापरतो, एकदम सौम्य असतात. नंतर डॅशबोर्डचं चकाकीचं पॉलिश.

सारथी:
सगळं इथेच आहे. निळसर झाक म्हणजे जीन्सचा रंग उतरलाय. आणि तुमची मागच्या खिशात चावी किंवा पाकीट ठेवायची सवय असेल, पैज लावतो.

दार उघडून थेट बसताना मांडी बाजूच्या उंचवट्यावरून घासत आत जाते, उतरताना पुन्हा घासते. जीन्सची रिव्हेट, पट्ट्याचं बक्कल, खिशातली चावी, सगळं त्याच चार बोटं जागेवरून जातं. शेजारची सीट कोरी आहे कारण तिथे रोज कुणी बसत नाही. आधी सीट मागे सरकवा, दाराकडे पाठ करून बूड सीटच्या मधोमध टेका, मग दोन्ही पाय एकदम आत घ्या. उतरताना उंचवट्यावर हात टेकून जोर देऊ नका. आठ दिवसांत सवय होते.

टाकादोरा:
सारथींशी सहमत. वाइप्स आणि ते पॉलिश आजच बंद करा. काही वाइप्समध्ये वरचा थर हळूहळू खाणारी द्रव्यं असतात, आठवड्याला एकदा म्हणजे दोन वर्षांत शंभर वेळा. चकाकीच्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असतं. सीट घसरडी होते, धूळ धरते आणि पुढे रंग लावायची वेळ आली तर तो धरू देत नाही. स्वच्छ सीट मंद दिसते, चकाकत नाही. चकाकी म्हणजे घाम, तेल आणि मळ दाबून बसलाय. त्या मळातली बारीक वाळू सॅंडपेपरसारखी घासत राहते, झीज खरी तिच्यामुळे.

आता सुरकुत्यांचं. कातडं हे कातडं आहे, खालचा फोम दबतो तेव्हा ते मोडणारच. फोम बसला की कातडं सैल पडून जास्त मोडतं. मोड हा दोष नाही, भेग हा दोष आहे. फरक बघायचा तर सुरकुतीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकेच ताणा. तळाशी सीटचाच रंग दिसला तर घडी. फिकट, तंतूंसारखं काही दिसलं, नखाला कड अडली, तर वरचा थर तुटलाय. बघून कळवा.

पाऊलवाट:
चावी मागच्या खिशातच असते, मान्य. ताणून पाहिलं. बसायच्या जागी सगळीकडे करडाच रंग. दाराकडच्या उंचवट्यावर मात्र केसाएवढ्या तीन पांढुरक्या रेषा, नख अडतं. कडेचा खालचा भाग रेक्झिनचा निघाला, शिवणीपासून पोत बदलतो, आजवर लक्षच गेलं नव्हतं.

टाकादोरा:
मग रविवारी एवढंच करा. लेदरचा पाण्यावर आधारलेला क्लीनर आणा. कातडं किंचित आम्लधर्मी असतं, भांड्याचा साबण त्याला सोसत नाही. क्लीनर सीटवर ओतू नका, मऊ ब्रशवर घेऊन फेस करा, हातभर भाग गोल गोल घासा आणि फेस सुकायच्या आत मायक्रोफायबरने टिपून घ्या. फेस पांढरा येईपर्यंत हेच. सुरकुतीतला मळ ताणून काढा. सीट छिद्रांची असेल तर फेस फडक्यावर घ्या, नाहीतर छिद्रं बुजतील.

सारथी:
आणि नंतर कंडिशनर, म्हणजे लेदर मऊ ठेवायला लावतात ते.

टाकादोरा:
थर असलेल्या कातड्याला कंडिशनरचा उपयोग बेताचाच. त्यापेक्षा पाण्यावर आधारलेलं संरक्षक लावा, जीन्सचा रंग मग त्यावर राहतो आणि पुसता येतो.

सारथी:
मी सहा महिन्यांनी पातळ हात देतो, कधी बिघडलं नाही. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला मी तरी लावेनच.

टाकादोरा:
पातळ असेल तर बिघडत नाही, पण झिजेवर तो उपाय नव्हे. उन्हाबद्दल बरोबर, सावलीत लावा, नाहीतर काचेला पडदा.

पाऊलवाट:
(रविवार, संध्याकाळ) केलं. पहिलं फडकं पिळलं तर पाणी शाईसारखं काळं-निळं. अडीच तास एका सीटला गेले. चकाकी पूर्ण गेली, हाताला कोरडं, मऊ लागतंय. आडव्या सुरकुत्या अर्ध्याच उरल्या. म्हणजे मी ज्याला सुरकुती समजत होतो त्यात बराच मळ साचला होता. निळी झाक शिवणीजवळ थोडी राहिली. त्या तीन रेषांचं काय?

टाकादोरा:
राहिलेली झाक खरवडू नका, पुढच्या दोन-तीन सफायांत निघेल तेवढी निघेल. रेषांसाठी त्याच करड्या छटेचा पाण्यावर आधारलेला लेदर रंग घ्या. आधी तेवढीच जागा सिलिकॉन निघेपर्यंत नीट साफ करायची. मग स्पंजच्या तुकड्याने टिपत पातळ हात, वाळू द्यायचा, पुन्हा पातळ हात. एकदम जाड लावलात तर पहिल्या आठवड्यात पोपडा येईल. शेवटी मंद पारदर्शक थर, आणि एक दिवस सीटवर बसायचं नाही. छटा जुळेना तर जाणकाराकडून करून घ्या. पण उशीर नको, रेषेची भेग व्हायला वेळ लागत नाही.

झुळूक:
माझ्याही सीटला अशाच रेषा आहेत, ड्रायर दिला होता तिथेच. आज ताणून बघते.

पाऊलवाट:
पुढच्या रविवारी रंगाचं बघतो. चावी आता दाराच्या खणात असते.