फोटोग्राफर लोकांसाठी घरबसल्या काम करायचंय – प्रीसेट विकू, एडिटिंग घेऊ की अल्बम?

घणसोलीकरीण:

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, वेळ असेल तर नक्की वाचा.

मी तुर्भ्याला एका प्रिंटिंग प्रेसमध्ये प्री-प्रेसला नऊ वर्षं होते. फोटोशॉप, कोरल, प्लेट जायच्या आधीचं कलर करेक्शन, सगळं हाताखालून गेलंय. मुलगा झाल्यावर शिफ्ट जमेना म्हणून सोडलं. आता तो पहिलीत गेलाय, सकाळी आठ ते दुपारी दोन घर शांत असतं आणि रात्री तो झोपल्यावर अजून दोनेक तास मिळतात. एवढ्या वेळात बसून करता येईल असं ऑनलाइन काम हवंय आणि मला फोटोंचंच करायचंय, कारण तेच येतं आणि तेच आवडतं. स्वतः कॅमेरा घेऊन लग्नात उभं राहायचं नाहीये, फोटो काढणाऱ्यांना जे लागतं ते द्यायचंय.

डोक्यात तीन गोष्टी आहेत. एक, लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचे प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर लागणाऱ्या रंगाच्या तयार सेटिंग्ज, बनवून इन्स्टावरून विकायचे. दोन, स्टॉक साइटवर, म्हणजे जिथून लोक वापरायला फोटो विकत घेतात तिथे, फोटो टाकायचे, भावाकडे हार्ड डिस्कभर फोटो आहेत. तीन, फोटोग्राफरची एडिटिंगची कामं घ्यायची, पण ती कुठून मिळतात आणि पैसे वेळेवर मिळतात का ते माहीत नाही. सहा महिन्यांत महिना पंधरा हजारापर्यंत पोचले तरी मला खूप आहे. कुणी यात असेल तर प्लीज खरं काय ते सांगा.

---

नौपाडा_फ्रेम्स:

ताई, मी ठाण्यात लग्नं शूट करतो, अकरा वर्षं झाली. तुमच्यासारख्या माणसाला शोधत असतो मी, म्हणून मोठा प्रतिसाद देतोय.

प्रीसेटचा नाद सोडा. बाजारात फुकट इतके पडलेत की ज्याला आधीच लाखभर लोक फॉलो करतात त्याचेच विकले जातात. स्टॉकचं म्हणाल तर अडोबी स्टॉक फोटोला ३३ टक्के रॉयल्टी देतं पण एका डाउनलोडची रक्कमच एवढीशी असते की हजारो चांगले फोटो असल्याशिवाय महिन्याला काही दिसत नाही, आणि ज्यात माणूस ओळखू येतो त्या प्रत्येक फोटोला त्या माणसाचं लेखी रिलीज, म्हणजे परवानगीपत्र, लागतं. भावाच्या डिस्कमध्ये लग्नाबिग्नाचे फोटो असतील तर ते तसे टाकताच येणार नाहीत.

आता काम कुठे आहे ते सांगतो. तुळशीचं लग्न झालं की आमची धावपळ सुरू होते, मग परत एप्रिल-मे. एका लग्नाचे दोन कॅमेऱ्यांचे मिळून चार हजार फोटो होतात, मुहूर्ताच्या आठवड्यात तीन लग्नं असतात, म्हणजे बारा हजार फोटो बघायचे कधी? पार्टी चौथ्या दिवसापासून फोन करते. अल्बम तर सहा सहा महिने राहतात, आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात मुहूर्त नसतात तेव्हा आम्ही मागचे अल्बम उपसत बसतो. म्हणजे तुमच्यासाठी बाराही महिने काम आहे, सीझनला कलिंग (हजारोंतून चांगले फोटो निवडणं) आणि कलर, पावसाळ्यात अल्बम.

बाहेर काम देऊन बघितलंय मी. परराज्यातल्या एका अल्बम डिझायनरला दिलं होतं, स्वस्त होता, वेळेत करायचा, पण त्याला आपलं लग्नच कळायचं नाही. गौरीहराशी बसलेली मुलगी सप्तपदीनंतर लावली, का तर त्याने साडीच्या रंगावरून क्रम लावला, अष्टपुत्रीतले फोटो एकीकडे आणि शालूतले एकीकडे. कानपिळीचा फोटो त्याने काढूनच टाकला, त्याला वाटलं कुणीतरी नवरदेवाची मस्करी करतंय. सूनमुखात आरशातला चेहरा सगळ्यात महत्त्वाचा, तो त्याने क्रॉप करून फक्त सासूबाई ठेवल्या. चूक त्याची नाही हो, त्याने कधी बघितलंच नाही. पण अल्बम बघताना मुलीची आई रडली आणि ती आनंदाने रडली नव्हती, ते मी विसरू शकत नाही.

रंगाचंही तेच. ते सगळे मूडी प्रीसेट हिरवा रंग पिवळ्याकडे ढकलतात आणि मग त्याचा जीव काढून घेतात, कारण ते जंगलातल्या शूटसाठी बनवलेले असतात, झाडं मातकट दिसली की छान वाटतं. आपल्याकडे तो हिरवा म्हणजे चुडा, आंब्याचं तोरण, केळीचे खांब. हिरवा चुडा शेवाळी तपकिरी झालेला मी डिलिव्हर केलाय एकदा, नवरीच्या आजीने अल्बम मिटून बाजूला ठेवला. हळदीतही स्किन सुधारायला पिवळा उतरवला की हळदच जाते आणि माणसं आजारी दिसतात. वरून हॉलवाल्यांचे ते जांभळे एलईडी. हे सगळं ज्याला डोळ्यांनी कळतं आणि मास्क लावून, म्हणजे फोटोतला तेवढाच भाग निवडून, चुडा वेगळा, चेहरा वेगळा असं जो बसून करतो त्याला आम्ही सोडत नाही. तुम्ही नऊ वर्षं छपाईचा रंग बघितलाय, तुमच्याकडे विकायला हेच आहे ताई.

---

कळवा_नाका:

+१. माझी बहीण अल्बम डिझाइन करते, तिच्याकडे याच कारणाने डोंबिवली-कल्याणचे चार फोटोग्राफर कायमचे आहेत. जाहिरात कधी केली नाही, एकाने दुसऱ्याला सांगितलं बस.

---

घणसोलीकरीण:

नौपाडा_फ्रेम्स, किती मनापासून लिहिलंत, दोनदा वाचलं. चुड्याचं वाचून तर माझ्याच लग्नाचा अल्बम काढून बघितला, त्यातही तेच झालंय आणि इतकी वर्षं मला वाटत होतं बांगड्याच तशा होत्या.

दोन शंका. चार हजार रॉ फाइल (कॅमेऱ्यातल्या मूळ मोठ्या फाइल) म्हणजे शंभर जीबीच्या वर जाणार, माझ्याकडे येणार कशा? घरी नेट आहे पण एवढं नाही, आणि ड्राइव्ह तर फुकटात १५ जीबीच देतं. दुसरं म्हणजे माझ्या लॅपटॉपचा स्क्रीन चालेल का?

---

नौपाडा_फ्रेम्स:

रॉ फाइल पाठवायच्याच नाहीत. लाइटरूम क्लासिकमध्ये स्मार्ट प्रिव्ह्यू असतात, लांब बाजू २५६० पिक्सेलची छोटी कॉपी, तिच्यावर एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, रंग, मास्क सगळं करता येतं. मी कॅटलॉग (केलेल्या एडिटिंगची नोंद ठेवणारी फाइल) आणि स्मार्ट प्रिव्ह्यू एक्स्पोर्ट करून देतो, अख्खं लग्न चार-पाच जीबीत बसतं, तुम्ही काम करून फक्त कॅटलॉग परत पाठवायचा, तो माझ्या ओरिजिनल फाइलला आपोआप लागतो. नॉइज आणि शार्पनिंग मात्र त्यावर ठरवू नका, छोट्या कॉपीत खरं दिसत नाही, ते आमच्याकडे राहू द्या. घरी येऊन डिस्क द्यायची गरज नाही, ठाण्यातून घणसोलीला ट्रान्स-हार्बर लोकलने पंधरा-वीस मिनिटं असली तरी सीझनला तेवढीही नसतात हो.

स्क्रीनवर मात्र खर्च करा, तोच एक खर्च करा. साध्या लॅपटॉपचा पॅनल पूर्ण एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांचा ठरलेला पट्टा, दाखवत नाही, लाल आणि हिरवा मेलेला दिसतो, मग तुम्ही तो वाढवता आणि लॅबमधून शालू पेटलेला येतो. पूर्ण एसआरजीबीचा आयपीएस मॉनिटर घ्या, कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग तपासून बरोबर करणारं यंत्र) विकत नको, कुणाकडून तरी महिन्यातून एकदा मागून आणा, ब्राइटनेस कमी ठेवा, १०० ते १२० कँडेलाच्या आसपास. प्रेसच्या सवयीने सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) करू नका, अल्बमच्या लॅबला आरजीबी (स्क्रीनच्या रंगांची) जेपीजी लागते. १२ बाय ३६ ची शीट ३०० डीपीआयला १०८०० बाय ३६०० पिक्सेल होते, आणि मधल्या घडीवर कुणाचा चेहरा येता कामा नये, कडेला अर्धा इंच कटिंगला सोडायचं. हे तुम्हाला सांगायची गरज नाही म्हणा, पण नवीन डिझायनर इथेच चुकतात.

---

पाणथळ_नेरुळ:

मी हौशी आहे, पक्ष्यांचे फोटो काढतो, रिटायर झाल्यापासून आठवड्यातून तीन सकाळी बाहेर. आमच्या बाजूचंही सांगतो कारण लग्नवाले सोडून आम्ही पण खूप आहोत इथे. ठाणे खाडी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आली, ऐरोलीच्या बोटीत बघा, माणसांपेक्षा लेन्सच जास्त. भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि फ्लेमिंगो आमच्या नेरुळच्या तलावाकडे येऊन बसतात, तेव्हा काठावर जागा मिळत नाही.

हौशी माणूस एडिटिंगला पैसे देत नाही, कारण एडिटिंग हाच त्याचा आनंद असतो. पण दोन गोष्टींना मी दिलेत आणि परत देईन. एक म्हणजे प्रिंट. सोसायटीतल्या प्रदर्शनासाठी फोटो छापून घेतले, स्क्रीनवर जो गुलाबी होता तो कागदावर मळकट आला, कारण तो गुलाबी सीएमवायकेच्या पट्ट्यात बसतच नाही, पण हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. एका बाईंनी नंतर कॉटन पेपरच्या इंकजेटचं प्रोफाइल लावून सॉफ्ट प्रूफ करून, म्हणजे कागदावर कसं दिसेल ते स्क्रीनवरच बघून, फाइल बनवून दिली, फोटोमागे शंभर रुपये घेतले, वीस फोटोंचे दोन हजार मी आनंदाने दिले. तुम्ही प्री-प्रेसवाल्या, हे तुम्हाला झोपेतही येईल.

दुसरं शिकवणं. लाइटरूमचे व्हिडिओ यूट्यूबवर हजार आहेत पण माझ्या वयाच्या माणसाला ते पळतात, शंका विचारता येत नाही. स्क्रीन शेअर करून एका तासात माझ्याच फोटोंवर, मराठीत, हळूहळू कुणी शिकवलं तर आमच्या ग्रुपमधले सातआठ जण तर उद्या तयार आहेत. फक्त एक लक्षात ठेवा, वन्यजीवांच्या स्पर्धेला फोटो जाणार असेल तर फांदी पुसणे, पक्षी हलवणे असलं काही करू नका, पुढच्या फेरीत मूळ रॉ मागतात आणि माणूस बाद होतो.

---

खारघर_सेक्टर_१२:

एक वेगळी बाजू मांडते. मी अमेरिकेतल्या घरांचे फोटो एडिट करते, घर विकायला काढलं की एजंट फोटोग्राफर बोलावतो. एकाच फ्रेमचे तीन ते पाच एक्स्पोजर (कमी-जास्त उजेडाचे फोटो) येतात, ते जोडायचे, खिडकीबाहेरचं दिसलं पाहिजे, उभ्या रेषा सरळ, गवत हिरवं, बस. कंटाळवाणं आहे हे मान्य, पण वेळेचं गणित आपल्या आयांना फार सोयीचं आहे. टेक्सासचा फोटोग्राफर संध्याकाळी सातला फाइल टाकतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच असतात, त्याला सकाळी सातला हव्या म्हणजे आपली संध्याकाळी साडेपाच, थंडीत आपल्याकडच्या दोन्ही वेळा एक तास पुढे. मुलगा शाळेत असतानाच सगळं उरकतं आणि चातुर्मास वगैरे प्रश्न नाही. पण एक दिवस चुकलात की माणूस गेला, तो दुसऱ्या दिवशी दुसरा बघतो. घरात कुणी आजारी पडलं तर हातातलं काम घेईल अशी एक मैत्रीण तयार ठेवा, मी पहिले दोन क्लायंट असेच घालवले.

---

मुंब्रादेवी_पायथा:

एक प्रश्न, आता एआय कलिंग करतं, कलरही करतं. ताईंनी यात पडावं का? मला काळजीपोटी वाटतंय, नाउमेद करायचं नाहीये.

---

नौपाडा_फ्रेम्स:

मी वापरतो एआय, पहिली चाळणी म्हणून. हललेले, डुप्लिकेट छान काढतं. पण डोळे मिटलेला फोटो ते बाद करतं, आणि आपल्याकडे कन्यादानाला बाप डोळे मिटूनच असतो, आशीर्वाद देताना आजी डोळे मिटते, अंतरपाटामागे मुलगी मान खाली घालून उभी असते. ते सगळे फोटो बाद झालेल्या ढिगातून परत उचलावे लागतात आणि ते उचलायला घरातलं लग्न बघितलेलं माणूसच लागतं. म्हणून ताई, कलिंगचे वेगळे पैसे धरू नका, ते कमी होत जाणार. कलर आणि अल्बमचा क्रम यावर उभ्या राहा.

पैशाचं राहिलं. मी शीटमागे शंभर देतो, तीस शीटचा अल्बम म्हणजे तीन हजार, दोन वेळा करेक्शन त्यात धरून, तिसऱ्यापासून वेगळे. निम्मे आधी घ्यायचे. टेस्ट म्हणून कुणी अख्खा साखरपुडा फुकट मागितला तर नाही म्हणा, दहा फोटो किंवा दोन शीट पुरे, त्याही छोट्या साइजमध्ये. मला स्वतःला सुरुवातीला एका स्टुडिओने तीन महिने राबवून पैसे बुडवले होते म्हणून सांगतोय. वर्षाला वीस लाखाच्या आत आहात तोवर जीएसटी नोंदणीचं टेन्शन नाही. आणि काम दाखवायला आधीचा-नंतरचा फोटो इन्स्टावर टाकाल तर फोटोग्राफरची आणि त्या कुटुंबाची, दोघांची परवानगी घ्या. १९५७ चा कॉपीराइट कायदा असं म्हणतो की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. बऱ्याच फोटोग्राफरलाही हे माहीत नसतं.

---

घणसोलीकरीण:

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कुणी बसून सांगेल असं वाटलं नव्हतं. प्रीसेटचं डोक्यातून काढलं. मॉनिटरसाठी नवऱ्याशी बोलले, दिवाळी बोनसची वाट न बघता घेऊ म्हणाला. पाणथळकाका, तुमच्या ग्रुपला शनिवारी सकाळी एक तास चालेल का? पहिला तास माझ्याकडून, गुलाबीपासूनच सुरू करू.

नौपाडा_फ्रेम्स, माझ्याच लग्नाच्या फाइल सापडल्या आहेत डीव्हीडीवर, जेपीजीच आहेत. त्यातल्या चुड्याच्या दोन शीट नव्याने करून तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) करते, रविवारपर्यंत. जिथे चुकेल तिथे स्पष्ट सांगा.

---

नौपाडा_फ्रेम्स:

पाठवा. जेपीजीत गेलेला हिरवा पूर्ण परत येणार नाही, ते चालेल, चेहरा न बिघडवता किती आणता तेवढंच बघायचंय मला. आणि गौरीहराचा फोटो असेल तर एक शीट त्याचीही करा.